माउंटखाली

फणसवाडीतल्या माझ्या दुकानात तीन चित्रं आली,
जुन्या साडीत गुंडाळून.
सुलभाताई धैर्यवान म्हणाल्या, पणजोबांनी लिलावात घेतलेली,
फ्रान्सची आहेत, जपून.
मागचा पुठ्ठा सोडवला तर
एक गंजकी टाचणी, झुरळाची अंडी,
नि कापसाच्या भावांचं कात्रण.

चित्रात नाचाची शिकवणी.
बाईच्या डोक्यावर केसांचा एवढा मनोरा
की पेटू नये म्हणून नोकर शिडीवर चढून
झुंबर वर उचलून धरतोय.
नवऱ्याचे दोन्ही पाय लाकडी खोक्यात,
टाचा जुळाव्यात, चवडे फाकावेत म्हणून.
कुत्रासुद्धा मागच्या पायांवर.
आणि मास्तर, काडीसारखा,
छातीशी लाटण्याएवढं व्हायोलिन.
त्याच्या मोज्यावर, घोट्याच्या वर, मला डाग दिसला.
पावाच्या मऊ गाभ्याने पुसायला गेलो.
जाईना.
भिंग लावलं. रफू होतं.
सात रेघा. मोजल्या.

चित्रकाराला तेवढं कशाला काढायचं होतं?
हसायला, की दिसलं म्हणून?

खाली एक ओळ होती, फ्रेंचमधली.
ती झाका हो, बाई म्हणाल्या, कुणाला वाचता येतेय.
मी माउंट दीड इंच खाली घेतला.
पण आधी अक्षरं उतरवून ठेवली
पावतीच्या पाठीवर, रांगोळीचे ठिपके उतरवावेत तशी.
रात्री मुलीने ती फोनला दाखवली. फोन म्हणाला:
पाय बाहेर, पोट आत. पैसे आगाऊ.

रविवारी खारला गेलो, टांगायला, चौदाव्या मजल्यावर.
दाराशी माझ्या चपला, शेजारी
चंदेरी पट्ट्यांचे बूट, टाचा एकाच बाजूने झिजलेल्या.
आत सोफे भिंतीला लावलेले.
"आमच्यात मुळात संगीत नसतंच," सुलभाताई धापा टाकत म्हणाल्या,
"पण मुलीकडचे चाळीस जण नाचणार आहेत."
धैर्यवान साहेब लेंग्यावर. आत्याबाईंच्या गुडघ्याला पट्टा.
"काका, खांदा सोडा! फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!"
हे रॉकी सर.
खाली वॉचमनच्या वहीत, माझ्या वरच्या ओळीत,
र. घाडीगावकर, नालासोपारा.
डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक.
दर गिरकीला तो अंगठा आत दुमडून घ्यायचा.

पहिलं चित्र वर धरलं तशी सगळी हसली.
"काय एकेक ध्यान!" आत्याबाई म्हणाल्या,
"त्या कुत्र्याला बघ!"
नि पुन्हा रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, हात कमरेवर.

मी फ्रेमच्या माथ्यावर पाणसळ ठेवली.
बुडबुडा मधे येईना.
अठरा पाय एकदम पडत होते,
जमीन हलत होती, भिंत हलत होती,
तो आपला डावीकडे, उजवीकडे.
म्हटलं, सर, जरा एक मिनिट.

त्याने गाणं थांबवलं.
सगळी होती तशीच थांबली,
कुणाचा हात वर, कुणाची मान वाकडी.
तो माझ्याजवळ आला, चित्र बघत राहिला.
नवऱ्याकडे, बाईकडे, मग बराच वेळ मास्तरकडे.
"बाकी सगळे चुकलेत," म्हणाला,
"ह्याचे पाय बरोबर आहेत."

मग जरा वाकून, आवाज उतरवून,
"तुमचे दिले?"

अर्धे, मी म्हटलं,
नि खिळा ठोकला.