पन्नास ग्रॅम

एर्सिलियाच्या कादंबरीत आग नाही.
तिच्या नरकात मासळीबाजार आहे, शनिवार सकाळचा,
ओल्या फरशीचा, आणि तो उठत नाही.
मी तिची मुद्रितं तपासते, पोत्सुओलीत,
चौथ्या मजल्यावर, जिथं भिंतीतली भेग
खिडकीपासून निघून यंदा कपाटापर्यंत आली.
आम्ही तिच्या कडेनं पेन्सिलीनं तारखा घालतो,
मुलांची उंची लिहावी तशा.

जुन्या लोकांचा नरक इथून पायी तासाभरावर.
एक तळं आहे. वरून उडणारा पक्षी म्हणे मरून पडायचा.
आता पाणकोंबड्या आहेत, काठाला द्राक्षाचे मळे,
रविवारी सायकली.
त्या नरकाला नकाशा होता.
पाप मोजून जागा मिळे,
आणि जागा मिळाली की निदान कळे
आपण कोण होतो ते.
एर्सिलिया म्हणते, नकाशा तोच हवाय मला,
फक्त नावं माझ्या गल्लीतली.

बातमी माझ्याकडूनच फुटली, पावाच्या दुकानात.
प्रोकोलो आला, एकाहत्तर वर्षांचा,
टोपी हातात, चार जिने चढून,
आणि धाप ओसरेपर्यंत नुसता भेगेकडे बघत राहिला.
'मला नरकात घातलंस म्हणे.'
'घातलंय.'
'काट्यासाठी?'
'काट्यासाठी. किलोमागं पन्नास ग्रॅम.'
'फक्त शनिवारी,' तो म्हणाला. 'आणि फक्त नेपल्सहून येणाऱ्यांना.'
मी समासात लिहून ठेवलं: फक्त शनिवारी.

मग त्यानं शिक्षा विचारली,
कोर्टात विचारावी तशी, उभ्यानंच.
तिनं पान काढून वाचलं.
बर्फ, तराजू, बांगड्यांचा ढीग.
तो तोलतो, पन्नास ग्रॅम कमी भरतं.
टाकतो एक मासा, तरी कमी. आणखी एक, तरी कमी.
समोर एकच गिऱ्हाईक, कायमचं,
हिरव्या कोटातली बाई, पिशवी उघडी धरून,
त्याला न ओळखणारी.
अस्सुंता.

त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली.
मी स्वल्पविराम शोधायचं सोडून दिलं.

'रोज येते?'
'तिथं रोज नसतं, प्रोकोलो. ती असतेच.'
'हिरव्या कोटात.'
'हो.'
'आणि माझं माप पुरं होत नाही.'
'कधीच नाही.'
'म्हणजे ती जाणार नाही.'

एर्सिलियानं चष्मा काढला.
तीन वर्षं घडवत होती ती ही शिक्षा.
खाली कुठंतरी जमिनीनं घसा खाकरला,
कपातले चमचे वाजले, थांबले;
आम्ही तिघांनी वर दिव्याकडे बघितलं,
इथं सगळे बघतात तसं.

'बदलू नकोस,' तो दारातून म्हणाला.
'कोटाचं एक बटण तुटलेलं होतं, वरून दुसरं.
तेवढं घाल.'

बंदरात यंदा पाणी खाली गेलंय,
म्हणजे जमीन वर आलीय,
होड्या चिखलात कुशीवर पडल्यात.
पहिल्या प्रकरणात एक नावाडी आहे,
मेलेल्यांना पलीकडं नेणारा.
त्याच्या ओळीशी मी प्रश्न टाकला:
होडी तरंगेल एवढं पाणी आहे का?
एर्सिलियानं उत्तर दिलं नाही.
ती अजून शिक्षेच्याच पानावर होती.
बटण घालून झालं होतं,
आणि 'शिक्षा' हा शब्द तिनं खोडला होता,
वर पुन्हा लिहिला होता,
पुन्हा खोडला होता.