गोलफरक

रुझारच्या बारमध्ये पितळी तांब्यात बत्तीस चिठ्ठ्या होत्या.
पोर्तुगाल शाणूला गेला, ब्राझील त्याच्या मेव्हण्याला.
माझ्या हाताला लागला एक देश,
ज्याचं नाव रुझारनं तीनदा वाचलं
आणि तिन्ही वेळा वेगळं वाचलं.

पहिला सामना हरलो. 'हरलो' म्हटलं
तेव्हा सगळे हसले. मीही हसलो.
पण तोवर त्यांचा गोलकीपर मला ओळखू यायला लागला होता:
टक्कल, पोट थोडं सुटलेलं,
खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही खांबांना हात लावून येणारा,
जसा मी फेरी सुटायच्या आधी साखळ्यांना लावतो.

दुसरा सामना बरोबरीत.
भिंतीवरच्या फळ्यावर, तळलेल्या चणाकाच्या भावाखाली
आमच्या नावापुढे एक गुण.
खडू इतका पुसट
की कुणी बघत नाही असं पाहून
मी तो गिरवून गडद केला.

तिसऱ्या वेळी दोन्ही सामने एकदम, साडेआठला.
नियमच तसा, शाणू म्हणाला,
म्हणजे कुणी कुणाचं बघून खेळू नये.
आणि माझी पाळी चार ते बारा.
रायबंदरला रुझारकडे आमचा सामना,
पलीकडे चोडणला म्हांबऱ्यांच्या चहाच्या गाड्यावर दुसरा.
म्हांबरे आणि रुझार बोलत नाहीत,
गेल्या वर्षीच्या एका भिंतीवरून.
मध्ये मांडवी. मध्ये मी, बटणांचा फोन खिशात.

आम्हाला दोन गोलांनी जिंकायचं होतं.
आणि तिकडे, जे आधीच पुढे गेले होते,
चांगले खेळाडू बाकावर बसवून आले होते,
त्यांनी उगाचच जिंकायचं होतं.

पहिल्या फेरीला शून्य घेऊन गेलो, शून्य घेऊन आलो.
नऊला रुझारचा पोरगा धक्क्यावर धावत आला,
एक बोट वर. ते बोट मी चोडणला नेलं.
चहा ओतता ओतता म्हांबरे म्हणाले,
इथंही एक. पण उलटा.

तो उलटा एक मी परत आणला,
पाच मोटरसायकली, पोदेराची रिकामी टोपली
आणि रात्रपाळीला निघालेली क्लेमेंसिया नर्स
यांच्यासोबत. तिनं विचारलं, कितें जालें रे?
वाट बघायची, मी म्हणालो.
ती म्हणाली, आम्ही लोकांना रोज तेच सांगतो.

सव्वादहाला रॅम्प वर घेत होतो
तेव्हा बारच्या दारातून ओरडा आला
आणि बाकं पडल्याचा आवाज.
दोन. नक्की दोन.
वर केबिनमध्ये पुंडलिक. त्याला क्रिकेटशिवाय काही कळत नाही.
त्यानं इंजिन चढवलं.

इकडचे दोन माझ्या पाठीमागे,
तिकडचं जे काय असेल ते पुढे,
आणि इथे, डिझेलच्या आणि चिखलाच्या वासात,
खारफुटीवरून उठून पुन्हा तिथेच बसणाऱ्या
एका बगळ्याच्या समोर,
तो देश अजून बाहेर गेला नव्हता.
पुंडलिकला म्हणणार होतो, हळू घे.
म्हणालो नाही. सरकारी बोट.

चोडणला दिवा एकच. म्हांबऱ्यांनी टीव्ही बंद केला होता,
पातेलं घासत होते.
मी दोर बांधला. सोडून पुन्हा बांधला.
त्यांनी वर न बघता विचारलं,
रुझारकडे काय झालं?

नाव घेतलं त्यांनी. वर्षभरानं.
दोन, मी म्हणालो.
ते थोडा वेळ पातेलंच घासत राहिले.
इथं एक-एक झालं, म्हणाले. शेवटी बरोबरी केली, पण जिंकायला नाही जमलं.
मग एक कप माझ्यापुढे सरकवला. चहा गार होता.
तुमचा तो टकल्या बरा आहे पण, म्हणाले.
म्हणजे मधूनमधून तेही आमच्याच सामन्यावर जात होते.

परतीच्या फेरीआधी साखळ्यांना हात लावला,
एका, मग दुसऱ्या.
पुंडलिकनं वरून वही काढून विचारलं, गाड्या किती?
चार, मी म्हणालो.

त्यानं चार लिहिल्या.
बोटीवर तीनच होत्या.