चौथा रकाना

तिमाही संपली की तीन रात्री
मार्लिस व्होंद्राचेक घरी उशिरा जाते.
एप्रिल लागला तरी आयोवात पार्किंगच्या कडेला बर्फ आहे,
काळपट, मिठानं कुरतडलेला.
सातव्या मजल्यावर दिवा एकच,
पडद्यावर रकाने चार:
व्यापारी कर्जं, किरकोळ ग्राहक, संपत्ती व्यवस्थापन
आणि इतर.

बँक एकच आहे. पाटी एक, तिजोरी एक.
पण वाचणाऱ्यांना ती चिरून हवी असते,
कुठली फोड गोड, कुठली किडकी,
ते पाहायला.
मार्लिस चिरते. सुरी चांगली चालते तिची.

हॉर्नडेलच्या आर्डिस ट्यूनिसनचंच घ्या.
तिची बचत, एक्केचाळीस हजार डॉलर, किरकोळमध्ये.
नवऱ्यानं मागे ठेवलेला ट्रस्ट संपत्तीमध्ये.
त्याच नवऱ्याचं धान्यकोठार आता मुलगा चालवतो,
त्यावरचं कर्ज व्यापारीमध्ये.
बाई एक. तिला
तीन रकान्यांचे तीन साहेब
नाताळची तीन कार्डं पाठवतात.
एकावर अजून नवऱ्याचं नाव असतं.

आर्डिसची बचत कोठाराच्या कर्जात जाते,
म्हणजे आईचा पैसा लेकाला,
स्वयंपाकघरातून अंगणात.
पण सरळ जाईल तर ती बँक कसली!
किरकोळवाले तो ट्रेझरीला विकतात,
ट्रेझरी व्यापारीवाल्यांना,
भाव घरचाच, आपणच लावलेला.
या खिशातून त्या खिशात जाताना
नाणं दोनदा वाजतं,
आणि दोन साहेब आपापल्या बैठकीत
तो आवाज नफा म्हणून ऐकवतात.
शेवटी तो 'इतर'मध्ये पुसून टाकायचा,
नाहीतर तुकड्यांची बेरीज
बँकेपेक्षा मोठी होते.

लहानपणी हातचा घ्यायला विसरली
की क्लोस्टरमन बाई वहीवर लाल गोल काढायच्या.
'इतर' म्हणजे हातचा.
कुठल्याच घरचा नाही,
पण धरला नाही तर उत्तर चुकतं.
मार्लिसचा पगारही तिथेच पडतो.

या तिमाहीत एक किल्ली बदलली.
नव्या संगणकप्रणालीचा खर्च
आधी माणसं मोजून वाटायचे,
आता खाती मोजून.
हॉर्नडेलच्या शाखेत माणसं दोन,
खाती तीन हजार, बहुतेक चिल्लर:
पोरांची, चर्चच्या बेक सेलची,
एक तर कुणाच्या तरी मेलेल्या घोड्याच्या विम्याचं.
मार्लिसनं एंटर दाबलं,
शाखा तोट्यात गेली.

त्या घटकेला हॉर्नडेलमध्ये काहीच झालं नव्हतं.
कुणी एक डॉलरही काढला नव्हता.
व्हर्लिन स्टूर काउंटरवरच्या काचेच्या वाडग्यात
लॉलीपॉप भरत होता,
हिरवे खाली, कारण हिरवे कुणी घेत नाही.

मग तळटीप बारा:
'तुलनेसाठी मागील वर्षांचे आकडे
नव्याने मांडले आहेत.'
म्हणजे गेलं वर्षही तोट्यात,
त्याच्या आधीचंही.
व्हर्लिनला गेल्या वर्षी नफ्याबद्दल
भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.
घड्याळ नव्याने मांडता येत नाही,
ते तिथं लटकतंय, पाच मिनिटं पुढे.

रात्री अकराला मार्लिस जुनी किल्ली लावून बघते.
शाखा वर येते.
नवी लावते. बुडते.
जुनी. नवी. जुनी.
तळ्यात गळाचं बूच हलावं तशी.
खाली उजवीकडे एकूण मात्र
जागचं हलत नाही,
दगडासारखं, सेंटपर्यंत तेच.
ती नवी ठेवते.
ठेवावीच लागते.

सकाळी साहेब विचारतात, जुळलं?
जुळलं, ती म्हणते,
आणि ते खोटं नसतं.

साडेदहाला व्हर्लिनचा फोन.
प्रिंटरची शाई संपलीय,
कुठल्या खर्चात दाखवू?
ती गप्प. तारेवर ऐकू येतं,
दार उघडतंय, कुणीतरी बूट आपटून बर्फ झाडतंय,
आर्डिस असेल, किंवा नसेलही.
'आमच्यात टाक,' मार्लिस सांगते,
'चौथ्यात.
आणि दोन मागव.'