जोड

दहा नावं सांगा म्हणतेस, बाय,
एकही खोट नसलेल्या दहा सिनेमांची.
नोव्हेंबरात पणजीला गळ्यात फीत अडकवून
दिवसाला पाच-पाच पाहतेस तू,
आणि विचारायला येतेस इथे, डिचोलीला, मला.
बस. पंखा तेवढा तीनवर कर.

मी सिनेमे पाहिले कुठे?
मी ते गुंडाळले.
शाणू मशीनवर, मी मागच्या खोलीत.
उजव्या हाताने दांडा फिरवायचा,
डाव्या हाताची दोन बोटं पट्टीच्या कडेवर,
हातमोजा सुती, तर्जनीला मीच भोक पाडलेला.
सगळं शेवटाकडून सुरुवातीकडे:
आधी चिता, मग आजार, मग वरात,
मग दोन अनोळखी माणसं एका बस थांब्यावर.

बोटाला जोड कळतो.
तुटलेली पट्टी चिकटवतात ना, तिथे किंचित जाड लागतं,
भातात खडा लागावा तसं.

एक आला होता, होडीवाल्याचा.
सोळा रिळं, एक जोड नाही.
ओल्या साबणासारखा गेला बोटांखालून.
शाणूला म्हटलं, किती स्वच्छ आहे रे हा!
तो म्हणाला, बाहेर सात माणसं आहेत,
त्यातली दोन आपली.
शुक्रवारी आला, सोमवारी गेला.
लिही. तुझ्या यादीतला पहिला तो.
खोट नाही त्याच्यात. कुणी हातच लावला नाही त्याला.

दुसरा नुसत्या चिंध्या.
काणकोणपासून पेडण्यापर्यंत प्रत्येकाने त्याला फाडला, शिवला,
गाण्यातल्या चौकटी कापून खिशात घातल्या.
नायिका दार उघडायची ती थेट विहिरीवर.
मधलं अंगण, पायऱ्या, सासू,
सगळं कुणाच्या ना कुणाच्या खिशात.
तेवीस आठवडे चालला.
पुढे नवी कोरी प्रत आली
तर लोक खुर्च्या आपटू लागले:
ही म्हातारी मधेच कुठून घुसवली?

हसू नकोस, तिसरा ऐक.
प्रत एक, थिएटरं दोन, म्हापसा आणि आम्ही.
तिथलं रीळ संपलं की आग्नेल पायलट
मागच्या सीटवर डबा बांधून निघायचा,
जिथे एरवी गिऱ्हाईक बसतं तिथे.
त्या रात्री अस्नोड्याला टायर फुटला.
पडदा रिकामा. म्हणजे पांढरा नव्हे,
खाणीच्या धुळीने आमचा पडदा कायम गुलाबी;
आमच्याकडे बर्फसुद्धा लाल पडायचा.
अर्धा तास शिट्ट्या झाल्या.
मग ट्रकवरचा एक क्लीनर उठला, बुधाजी,
म्हणाला, पुढचं मी सांगतो.
सांगितलं.
भावाने भावाला ओळखलं, पण बोलला नाही,
त्याच्या ताटात आपला मासा ठेवला
आणि उठून गेला.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

आग्नेल आला घामाघूम, रीळ चढलं.
भावाने भावाला ओळखलं, मिठी मारली, पाऊण तास रडले.
लोक उठून गेले.
त्या सिनेमाचं नाव लिहू नकोस,
बुधाजी असं लिही.

सात राहिले? राहू देत.

तो बिस्किटांचा डबा काढ,
बटणांच्या खाली, कागदात.
अकरा चौकटी आहेत. अर्धा सेकंदसुद्धा नाही.
आमचं ठरलं तेव्हा शाणूने कापून दिल्या मला,
अंगठी घ्यायला पैसे नव्हते.
एक बाई मान वळवायला लागते, एवढंच.
म्हणजे ज्या कुणी पुढे तो पाहिला
त्यांना ती झटक्यात वळलेलीच दिसली असेल,
आणि कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी बोटाला
आमचा जोड लागला असेल.
नाव नाही माहीत.
डब्यावर रीळ अकरा इतकंच होतं.

खिडकीशी जा. उजेडात धर.
अगो, उलटी धरलीस.
असू दे, तशीच बघ.