दुसरा गिअर

डिसेंबरात सोलापूर थोडे दिवस खोटं बोलतं,
की आपणही थंड हवेचं गाव आहोत.
त्या दिवसांत आमच्या टेम्पोचा दुसरा गिअर
पडत नाही.

पहिला पडतो, कुरकुरत. तिसरा, चौथा बिनतक्रार.
दुसऱ्याला मात्र दांडा अर्ध्यावर जातो
आणि दारातच घुटमळतो,
हातउसने मागायला आलेल्या भिडस्त माणसासारखा.
जोर लावला की खालून खर्रर्र,
दातावर दात.

नान्ना म्हणायचे, तेलाची काकवी झालीय.
दोन किलोमीटर जाऊ दे,
मग बघ, लोण्यातनं सुरी.
अठरा वर्षं त्यांनी असंच काढलं.
अक्कलकोट रोडवरून टॉवेलचे गठ्ठे
पहाटेच्या पार्सलला,
पहिल्यावर रेटायचं, मग थेट तिसरा,
गाडी धापा टाकायची, आणि ते तिला तेलुगूत समजवायचे.
शेजारी बसून मी हेच शिकले.
ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणाले,
पोरी, तुझा दुसरा कुठं गेला?

यंदा नान्नांचा डावा खांदा धरला.
टेम्पो विकायचं ठरलं.
वळसंगचे लालसाब नदाफ बघायला येणार होते,
सकाळी सात वाजता.

सहालाच नान्नांनी मला उठवलं.
चादर पांघरून ओसरीवर उभे, आवाज बारीक,
"एक चक्कर मारून आण.
होटगी रोडपर्यंत. तापू दे."
पुढचं बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

रस्ता रिकामा होता.
आसऱ्याजवळ चहाची पहिली वाफ,
कचरा पेटवून बसलेले दोघे,
काचेवर माझाच श्वास.
येताना दुसरा असा पडला
की मलाच लाज वाटली.

लालसाब आले, सायकल भिंतीला टेकवली,
टायर बघितले नाहीत, पाटे बघितले नाहीत.
इंजिनावर हात ठेवला.
तिथंच ठेवून राहिले,
ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"काय बे नरसय्या,
गाडी रात्रभर झोपली नाही का तुझी?"

नान्ना हसले नाहीत.
अंगणात पाणी तापत होतं, त्या बंबाकडं बघत राहिले.
"उद्या येतो," लालसाब म्हणाले,
"थंडच ठेव की तिला. मला थंडच चालवायची हाय."

दुसऱ्या दिवशी पारा अकरावर.
लालसाब चढले, मला म्हणाले, बस गं.
पहिला. कुरकुर.
मग क्लच दाबला, दांडा मध्ये आणला, सोडला,
थांबले. पुन्हा दाबला.
तिसऱ्याला नुसतं बोट लावल्यासारखं केलं,
आणि तिथून हलकेच मागं, दुसऱ्यात.
कट् एवढंच.
मी त्यांच्या हाताकडं बघत राहिले.
गादीवाल्याचा हात, नखांत अजून कापूस.

"अठरा वर्षांत कुणी सांगितलं नाही?"
मी म्हटलं, विचारलं नव्हतं कुणी.

सौदा आठ हजारांनी खाली आला.
नान्नांनी नोटा मोजल्या नाहीत, मला दिल्या.
मग किल्ली देताना एकदम म्हणाले,
उलटं घेताना आरसा हलतो, डावा,
आणि पावसात वायपर मधेच थांबतो,
आणि डिझेलचा काटा खोटा आहे, अर्धा दाखवला की पाव समज.
न विचारता सगळं. एका दमात.
लालसाब मान हलवत होते,
होय की, होय की.

टेम्पो गल्लीच्या टोकाला वळला.
आम्ही दोघं कान लावून उभे.
पहिला.
मग मधली ती रिकामी जागा.
नान्नांचा डावा हात चादरीच्या आत
हलला, खांद्यापासून, कळ सोसून,
थोडा पुढं, मग मागं.

कट्.

"पडला," ते म्हणाले,
आणि बंबातलं पाणी काढायला गेले.