तासाला एकेचाळीस

डॉक्टर म्हणाला, झोपेत यांचा श्वास थांबतो,
तासाला एकेचाळीस वेळा.
माल-सुन हसली. "मग तेवढ्यात
शिंपले किती निघाले, तेही सांगा."
डॉक्टर सोलहून नवा आलेला. त्याला कळलं नाही.

आमच्या जेजूत पन्नास वर्षं तिने
श्वास रोखूनच घर चालवलं.
मी काळ्या दगडावर, जाळं सांधायच्या निमित्ताने,
आकडे मोजत बसायचो.
शंभराच्या आत डोकं वर यायचं
आणि मग ती शीळ,
छातीतली सगळी हवा एकदम सोडल्याची.
मी पुन्हा एकपासून.

रात्रीही मोजायचो. तिला कधी बोललो नाही.
घोरणं मध्येच तुटायचं,
अंधारात मी सत्तावीस, अठ्ठावीस...
एकदा बावन्नला खांदा असा गदगदा हलवला
की तिने थोबाडीतच दिली.

आता उशाशी मशीन.
संध्याकाळी त्याच्या डबीत मी
गाळीव पाणी ओततो, रेघेपर्यंत.
"अळणी समुद्र," ती म्हणते.
बुडीच्या चष्म्याला चोळायची तो दवण्याचा पाला
तिने या मास्कलाही चोळून पाहिला.
दोन दिवस शिंकत होती.

पहिल्या रात्री हवा एकसारखी वाहत राहिली.
खंड नाही, शीळ नाही.
ती गाढ झोपलेली.
मी मोजायला घेतलं
आणि थांबायचं कुठे ते कळेना.
चारशे बारापर्यंत आठवतं.

पहाटे तिनेच मला हलवलं,
तेही जरा जोरातच.
गालावर पट्ट्यांचे वळ.
"ऊठ," म्हणाली, "ओहोटी लागलीय."