पाण्यावरची चूल

डेन्झिलनं आधी काहीच उघडलं नाही,
ना अवजारांची पेटी, ना तोंड.
बोटीच्या भिंतीवर नुसतं बोट वाजवलं
आणि विचारलं, "या फळीमागं काय आहे?"
मला ठाऊक नव्हतं.
सहा महिने मी तिला पाठ टेकून झोपत होते.

फळी निघाली. मागं पिवळट फोम,
ठिणगीची वाट बघत बसलेला.
"टाइल काय, दिसायला छान," तो म्हणाला,
"पण धग टाइलमधून चालत जाते."
म्हणून न जळणारा बोर्ड, आणि त्याच्यामागं
चार बोटं मोकळी जागा.
"ती रिकामी ठेव. तीच खरी भिंत."

शेगडी ओतीव लोखंडाची,
दोघांनी कण्हत आत आणलेली.
चारही पाय बोल्टनं जखडले:
लॉकमध्ये बोट दाराला धडकली
तर किटली पडू दे,
ही पडता कामा नये.

छताला भोक पाडताना मी काठावर उभी राहिले.
पोलाद असं किंचाळलं की बदकं
पुलापलीकडं निघून गेली.
परत आत आले तर छतात आभाळ,
ताटलीएवढं, ढगाळ.

नळीचं वरचं टोक खालच्याच्या आत बसतं.
मी उलटं धरलं होतं.
"हेस्टर, डांबर आतून उतरतं, रात्रभर.
ते विस्तवात परत जाऊ दे,
तुझ्या गालिच्यावर नको."
सांध्यात दोर, दोरावर सिमेंट,
आणि ते वाळेपर्यंत तान्ह्याला भरवावं तसा जाळ:
दोन काटक्या, मग थांबायचं.

शेवटी अलार्म, उशाच्या उंचीला.
"त्या वायूला वास नाही. रंग नाही.
तो झोपेचं सोंग घेऊन येतो."
एवढं बोलून दाराजवळच्या झरोक्यात
त्यानं बोट घातलं, फिरवलं, काढलं.
सकाळपासून चौथ्यांदा.
मी काही विचारलं नाही.

मांडली एकदाची चूल, पाण्यावर.

आता जानेवारी. कालव्यावर दुधावरच्या सायीसारखा बर्फ.
आत नळी टिकटिकते आहे,
आणि झरोक्यातून घोट्यावर सुरीसारखी हवा.
रात्री दोनला उठले,
लोकरीचा जाड मोजा मुठीत घेऊन
त्या फटीपाशी उकिडवी बसले.
बराच वेळ.

मग मोजा पायात घातला.
एकच. दुसरा सापडेना.